रबराचं दुसरं पातं

आमच्या शेठला यंत्रातलं ओ की ठो कळत नसे, पण ते न कळणं तो मोठ्या थाटात मिरवायचा. नवागामात त्याचे कापडाचे लूम होते आणि मी तिथे फिटर. नव्वदच्या दशकात पाहुण्यांना तापीत फिरवायला त्याने एक जुनी इंजिनाची बोट घेतली आणि लूम सांभाळतो तो बोटही सांभाळेल म्हणून मला तिच्यावर पाठवलं. शिंप्याला शिवता येतं म्हणून त्याच्याकडून जखमेला टाके घालून घ्यावेत, तशातला प्रकार.

बोटीवर आधीपासून आबा होते. आमच्याच खान्देशातले, उभा जन्म इंजिनांत गेलेला, आता नजर अधू झालेली. हे काम गेलं तर त्या वयात त्यांना दुसरं कोण देणार होतं? राहायचेही ते बोटीवरच. शेठला ते चारचौघांत ‘नाही’ म्हणत, म्हणून शेठ त्यांना काढायला निमित्तच शोधत होता.

दसऱ्याला आमच्याकडे लूमला हार घालतात, नारळ फोडतात आणि लूम चालू करतात. शेठला बोटीचीही तश्शीच पूजा हवी होती. बोट रंगासाठी काठावर ओढून ठेवलेली.

"शेठ, पंप में पानी नहीं है," आबा म्हणाले. "पहले बोट उतरने दो."

"अरे काका, मशीन तो मशीन छे. पूजामां बंध रखाय?"

इंजिन थंड ठेवायला नदीचं पाणी खेचणारा एक पंप असतो. त्यात सहा रबरी पात्यांचं चक्र फिरतं, त्याला इम्पेलर म्हणतात. त्याला ओलावा लागतो, कोरडं फिरलं की ते जळतं. शेठने सगळी आरती होईस्तोवर इंजिन चालू ठेवलं. जळक्या रबराचा वास सगळ्यांना आला, शेठला तो धुपाचा वाटला.

नवा इम्पेलर आणायला गेला तोही स्वतःच, जुना सोबत न नेता. जाड रबराचा मिळाला म्हणून कोण खुशीत. तो पंपात शिरेना, शाफ्टवर बसेना. शेवटी मी जुना घेऊन दुकानात गेलो आणि भोक, रुंदी, पाती सगळं ताडून तसाच आणला. लूमवरच्या सवयीने त्याला ग्रीस फासायला निघालो, तर आबांनी हात धरला. ग्रीसने हे रबर फुगतं, म्हणे, साबणाचं पाणी लाव, आणि पाती फिरायच्या उलट दिशेला दुमडून आत सरकव. मी ऐकलं, पण मनातून मला म्हाताऱ्याची ही किरकिर असह्य होत होती.

जुन्या इम्पेलरची दोन पाती तुटली होती. एक पंपातच मिळालं.

"दोन्ही तुकडा सापडनात का, भाऊ?" आबांनी आमच्या खान्देशी बोलीत विचारलं, दोन्ही मिळाले का म्हणून. त्यांना स्वतःला दिसत नव्हतं.

दुसरं शोधायचं तर पुढचा सगळा पाईप खोलावा लागणार, आणि इकडे बोट पाण्यात उतरवलेली, शेठचे पाहुणे काठावर उभे. नखाएवढ्या रबरासाठी एवढा उपद्व्याप? "हो आबा, सापडले," मी म्हणालो.

मधल्या पात्रात इंजिन तापून बंद पडलं. दुसऱ्या नावेने ओढून आणेपर्यंत शेठचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, आणि खोटं कशाला सांगू, मला मजा वाटत होती. काठावर मी पाईप खोलला. वळणात ते पातं अडकून बसलं होतं.

शेठने ते हातात घेतलं. "पंप कोणी खोलला होता?"

आबा माझ्या दिशेने तोंड करून उभे होते.

"आबांनी," मी म्हणालो.

त्याच दुपारी त्यांनी वळकटी बांधली. जाताना मला एवढंच म्हणाले, "साबण डबामा शे."

त्या शेठला मी आजही मूर्ख म्हणतो, लोकांना त्याचे किस्से सांगून हसवतो. पण कोरडा पंप चालवला तेव्हा आपण काय करतोय हे त्या माणसाला खरंच माहीत नव्हतं. मला माहीत होतं.