आमचीच भिंत, आमचाच विमा

खोपोलीत शिळफाट्याजवळच्या एका कारखान्यात मी प्रशासन सांभाळते. पूर्वी आमचा विमा बाहेरच्या कंपनीकडे असायचा. नुकसान झालं की पनवेलहून सर्व्हेअर यायचे, कटकट करायचे, पण विषय संपवायचे. मग मुंबईच्या मुख्य कार्यालयाला वाटलं, हप्ते भरून दुसऱ्यांची घरं का भरायची? आपल्या सगळ्या कारखान्यांसाठी आपणच एक विमा कंपनी काढू. ती परदेशात नोंदवली गेली. आता काही झालं तर आपलीच माणसं आहेत, असं आम्हाला सांगितलं. मला ते खरं वाटलं.

त्याच वर्षी पावसाळ्यात आमची मागची भिंत पडली, ती थेट शेजारच्या चाचांच्या गॅरेजवर. भिंतीला फुगवटा आल्याचं मी आधीच कळवलं होतं, पण मुख्य कार्यालयातल्या वित्त विभागाच्या साहेबांनी दुरुस्तीचा खर्च नाकारला होता. कुणाला लागलं नाही, हे नशीब. पण शेड गेली आणि दुरुस्तीला आलेल्या दोन रिक्षा चेपल्या. चाचांनी आवाज चढवला नाही.

"म्याडम, तुमचा विमा हाय ना? मग बोलवा त्यांना," एवढंच म्हणाले.

मी दावा पाठवला. व्हिडिओ कॉल लागला, तर समोर तेच साहेब. नव्या विमा कंपनीचे संचालकही तेच होते. भिंत धोक्याची आहे हे माहीत असून दुरुस्त का केली नाही, असं त्यांनी मलाच विचारलं.

"सर, तुम्हीच नको म्हणाला होतात."

"ते कंपनीतर्फे म्हणालो होतो. आत्ता मी विमा कंपनीतर्फे विचारतोय."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी माइक बंद करून कपाळाला हात लावला.

पाहणीला माणूस येईपर्यंत एक वीटही हलवायची नाही, असा हुकूम आला. माणूस काही येईना. चाचा रस्त्याच्या कडेला ताडपत्री बांधून काम करायला लागले आणि रिक्षावाले माझ्या केबिनपर्यंत यायला लागले. त्यांना काय सांगायचं? विमा कंपनी आमचीच आहे, म्हणून उशीर होतोय? शेवटी प्लांट मॅनेजरही वैतागले. त्यांनी आमच्याच फॅब्रिकेशनच्या माणसांकडून मलबा काढून घेतला, शेड उभी करून दिली, रिक्षांचे पत्रे ठोकून घेतले.

त्यानंतर पाहणीवाले उगवले. मलबा कुणाच्या परवानगीने हलवला, असं विचारलं, आणि नुकसान दिसत नाही म्हणून दावा बंद करून गेले.

मुंबईला वर्षअखेरच्या बैठकीत साहेबांनी नव्या विमा कंपनीचं तोंडभरून कौतुक केलं. खोपोलीच्या दाव्यापोटी विमा कंपनीला एक रुपयाही द्यावा लागला नाही, हे खास सांगितलं आणि मला पुढे बोलावून पुष्पगुच्छ दिला. सगळ्यांसमोर काय बोलणार? घेतला. परतताना मॅनेजर गाडीत पोट धरून हसत होते. मला मात्र नुसता संताप येत होता. वाटेत चौक गावात चहाला थांबलो, तेव्हा भजी तळणाऱ्या काकूंना मी तो गुच्छ देऊन टाकला.