ऑर्डर पोचली का?

कंट्रोल बोर्ड जळल्यामुळे उधन्यातले आमचे कापड विणायचे लूम बंद पडले आणि कारागीर शेजारच्या कारखान्यात काम विचारू लागले. तसे बोर्ड बाजारात मिळेनात. तेव्हा कुणीतरी भेस्तानच्या गाळ्यातला, असे बोर्ड बनवून आणून देणारा एक माणूस सुचवला.

चष्मा कपाळावर, फोन हातात. आमच्या बोर्डाचा नकाशा संगणकात भरून तो ऐटीत म्हणाला, "ताई, माझा प्रोग्रॅम थेट बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅमला ऑर्डर देतो. मध्ये माणूसच नाही, म्हणून चूक नाही."

त्याने बटण दाबलं. ऑर्डर मिळाल्याचं उत्तर पडद्यावर आलं. ते मला मोठ्याने वाचून दाखवून त्याने लगेच कंपनीला फोन लावला. "हां भाई, ऑर्डर मिला क्या? अरे, स्क्रीन पे देखो ना!"

"मग प्रोग्रॅम कशाला?" मी विचारलं.

"प्रोग्रॅमवर पूर्ण विश्वास आहे, ताई. पण समोरचा 'हो' म्हणाल्याशिवाय ऑर्डर गेल्यासारखी वाटत नाही."

अशा माणसांमुळेच कामं लांबतात, असं पुटपुटत मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच त्याला फोन लावला. "भाऊ, आज कंपनीला फोन केलात ना?"