पापॉच्या कानांची परीक्षा

माझा आजा, म्हणजे आमचा पापॉ, बहिरा नाही. हे त्यानं स्वतःच सगळ्या बर्नसाइड गावाला ओरडून ओरडून सांगितलेलं आहे. एकतीस वर्षं तो लाकूड कापायच्या गिरणीत मोठ्या करवतीशेजारी उभा होता. करवत बंद झाली, पापॉचा आवाज काही खाली आला नाही. त्याच्या मते हल्ली लोकच पुटपुटतात. डॉक्टर पुटपुटतो, टीव्ही पुटपुटतो, आणि चर्चमधला पाद्री तर म्हणे पगारच पुटपुटायचा घेतो.

"एल्वूड, मीठ दे."

"आँ?"

"मीठ!"

"ओरडतेस कशाला? बहिरा आहे का मी?"

असं दिवसातून चाळीस वेळा. शेवटी आमच्या आजीनं, मॅमॉनं, त्याच्याशी बोलणं कमी केलं आणि त्याच्याबद्दल बोलणं वाढवलं. तेही त्याच्यापासून दोन हातांवर उभं राहून, भांडी घासता घासता, ओठ जेमतेम हलवत. "बघा, आला राजा. बूट पुसले? नाही पुसले. कसे पुसणार, गुडघे वाकतात फक्त होडीत." पापॉ शांतपणे कॉफी पितो. मॅमॉचं मन मोकळं होतं. या एका गोष्टीवर तो संसार अकरा वर्षं अगदी सुरळीत चालला होता.

तीन वर्षांपूर्वी माझ्या आईनं आणि गॅरी वेन मामानं मिळून पापॉला कानातलं मशीन आणून दिलं. त्यानं ते एकदाच घातलं. "पत्र्याच्या डब्यात कोंबड्या कोंडल्यासारखं वाटतं," म्हणाला, आणि ते मासेमारीच्या गळांच्या पेटीत टाकून दिलं, मोठ्या गळांच्या कप्प्यात.

आता मासेमारीचं. जानेवारीत कंबरलँड तलावावर पट्टेरी बास धरायचा म्हणजे डोळे, हात आणि कान असं तिघांचं काम असतं. डोळे कुरव पक्ष्यांवर, कारण ते जिथे पाण्यात सूर मारतात तिथे खाली पट्टेरीची टोळी असते. हात खिशात, कारण बाहेर काढले तर गोठतात. म्हणजे मासा लागला हे कळायला उरले फक्त कान. होडीच्या मागच्या बाजूला चार काठ्या लावायच्या, गळाला जिवंत शॅड मासळी, दोरा सुटला की वाजणारे रिळांचे खटके चालू. पट्टेरीनं शॅड तोंडात घेऊन धूम ठोकली की रीळ ओरडतं: कर्रर्रर्रर्र!

मागच्या हिवाळ्यात एक रीळ असंच ओरडत राहिलं. पापॉ कुरव बघत राहिला. मासा काठीसकट गेला. पापॉ म्हणाला, काठी चोरीला गेली. तलावाच्या मध्यावरून.

ते हसण्यावारी गेलं असतं. पण या हिवाळ्यात नाताळच्या आधी दाट धुक्यात एक मोठी बोट भोंगा वाजवत वाजवत त्याच्या होडीपासून हातभरावरून गेली. आमिष विकणाऱ्या दुकानात त्या बोटवाल्यानंच मॅमॉला सांगितलं. त्या बर्फगार पाण्यात पडलेला माणूस पाच मिनिटांत हातपाय हलवायचा थांबतो. मॅमॉ घरी आली, कोट न काढता पापॉसमोर उभी राहिली.

"शनिवारी मी येते होडीत. तू काठ्यांकडे पाठ करून बसायचं, गुडघा काठीला टेकवायचा नाही, मला माहीत आहेत तुझे चाळे. मासा लागला आणि तुला खटका ऐकू आला, तर होडी तुझी. नाही आला, तर रविवारी चर्च सुटल्यावर गॅरी वेन येऊन होडी घेऊन जाईल. कायमची."

"आँ?"

मॅमॉनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि शनिवारच्या चौकटीत हे सगळं लिहिलं. पापॉनं चष्मा लावून वाचलं. मग अंगणातल्या होडीकडे पाहिलं. सोळा फुटांची, पत्र्याची, तीन ठिकाणी पोचे आलेली. दुसऱ्या दिवशीपासून तो जेवला की सरळ बाहेर जाऊन होडीत बसायचा. जमिनीवरच्या होडीत, टोपी घालून.

मी त्या शनिवारी होडीत नव्हते. पण दोघांनी मला ते वेगवेगळं सांगितलंय, तेही एकमेकांचे आवाज काढून, त्यामुळे मला दोघांचंही पाठ आहे.

धक्क्यावर पोचल्यावर पापॉ "टायर बघतो" म्हणून गाडीमागे गेला. टायर ठीक होते. त्यानं गळांच्या पेटीतून मशीन काढलं, फुंकर मारली, कानात घातलं आणि लोकरीच्या टोपीच्या कानपट्ट्या हनुवटीखाली घट्ट बांधल्या. मशीन न घालायची शपथ त्यानं तीन वर्षं पाळली होती. पण होडी ती होडी.

एक गोष्ट मात्र त्यानं हिशेबात धरलीच नव्हती. मशीन लावल्यावर फक्त रीळच ऐकू येत नाही.

पापॉ पुढच्या टोकाला, पायाखाली होडी वळवायची छोटी मोटर. मॅमॉ मधोमध बर्फाच्या पेटीवर, दोन घोंगड्यांत गुंडाळलेली. काठ्यांच्या कड्यांमध्ये बर्फ धरत होता. आणि मॅमॉ सुरू झाली.

"बसला खांबासारखा. एकोणपन्नास वर्षं ही पाठ बघतेय मी. लग्नात म्हणाला, फ्लोरिडाला नेतो. हे बघा फ्लोरिडा. नाकाच्या शेंड्यावर गोठलाय फ्लोरिडा."

पापॉचे खांदे जरासे वर गेले. वळता येईना. वळला की कळलंच.

"आणि ती याची बहीण वांडा. आली की तीन आठवडे हलत नाही. दोघंही नुसती ओरडतात. घर आहे की गुरांचा बाजार."

पापॉनं डब्यातलं सॉसेज तोंडात कोंबलं.

"आणि ते याचं बीन्सचं सूप. दर गुरुवारी. दर गुरुवारी मी म्हणते, छान झालंय एल्वूड, आणि सगळं डचेसच्या ताटलीत ओतते. आता तर ती कुत्रीही गुरुवारी मागच्या दारानं पळते."

होडीनं एक अख्खी गिरकी घेतली.

"काय झालं?" मॅमॉ ओरडली.

"वारा!" पापॉ ओरडला. पाण्यावर एक सुरकुती नव्हती.

तो मला सांगतो की त्या दोन तासांसारखी शिक्षा त्यानं गिरणीतही भोगली नाही. अकरा वर्षांचं साचलेलं सगळं एकदम कानात. शेवटी समोरच्या खाडीत कुरव पांढरे पांढरे होऊन कोसळू लागले. त्यानं होडी हळूच तिकडे नेली, आणि मागे डाव्या बाजूचं रीळ ओरडलं: कर्रर्रर्रर्र!

पापॉ खटकन उठला. बर्फाच्या पेटीवरून, घोंगड्यांवरून, मॅमॉच्या पायावरून जात त्यानं काठी धरली. काठी अर्धी पाण्यात वाकली. मासा खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. मॅमॉनं तोंड उघडं ठेवूनच जाळं धरलं. वीस मिनिटांनी मासा होडीत आपटला, चांदीसारखा, अंगावर काळे पट्टे. काट्यावर चोवीस पाउंड.

"ऐकू आलं की नाही?" पापॉ गरजला. "आँ? कोण बहिरा?"

मॅमॉ त्याच्याकडे पाठ करून बसली आणि घोंगडीच्या टोकानं डोळे पुसले. "ऐकू आलं याला," ती पुटपुटली. "देवा, ऐकू आलं. आठवडाभर झोप नाही मला. डोळा लागला की हा पाण्यात दिसतो, मी हाका मारतेय आणि हा आपला कुरव बघतोय."

पापॉ त्या माशाकडे बघत राहिला. हे ऐकून गप्प बसणं सगळ्यात अवघड होतं, असं तो म्हणतो. पण होडी वाचली होती, धक्का अर्ध्या तासावर होता, एवढंच निभवायचं होतं.

मग मॅमॉनं नाक शिंकरलं आणि ती मूळ पदावर आली. "पण एवढं काय नाचायचं? याच्या भावाचा मासा सव्वीस पाउंडांचा होता. दुकानात फोटो आहे हॅस्केलचा."

"हॅस्केलच्या माशाच्या पोटात तीन पाउंड शिसं होतं!" पापॉ कडाडला. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय कोंबताना!"

समोरच्या खाडीतले कुरवही उडून गेले.

"एल्वूड," मॅमॉ अगदी हळू म्हणाली, "टोपी काढ."

"आँ?"

त्याच्या आयुष्यातलं इतकं उशिरा आलेलं 'आँ' दुसरं नाही. मॅमॉनं स्वतःच पट्ट्यांची गाठ सोडली.

"कधीपासून?"

"धक्क्यापासून."

"वांडाचं?"

"ऐकलं."

"सूपचं?"

"ऐकलं."

मॅमॉ लाल झाली, मग पांढरी, मग पुन्हा लाल. "ही लबाडी आहे!"

"तू लिहिलंस, खटका ऐकू आला पाहिजे. आला. कशानं ऐकायचा हे कॅलेंडरवर कुठं लिहिलंय?"

घरी जाऊन तिनं खरंच कॅलेंडर तपासलं. नव्हतं लिहिलेलं. मग तिनं पेन घेतलं आणि पुढच्या सगळ्या शनिवारांत लिहिलं: पाण्यावर मशीन कानात, नाहीतर होडी गेली. पापॉनं खाली सही केली, पण एक ओळ वाढवून: घरात नाही. मॅमॉनं ती ओळ दोनदा वाचली आणि खोडली नाही. रविवारी गॅरी वेन मामा आला. रिकाम्या हातानं परत जाताना दोघांवरही वैतागला होता, कारण त्याला वाटेत खायला तळलेला मासासुद्धा कुणी बांधून दिला नाही.

होडी अंगणातच आहे. पापॉ शनिवारी मशीन घालून जातो, परत आला की ते मोठ्या गळांच्या कप्प्यात. गुरुवारी सूप होतंच, आता मुद्दाम जास्त होतं. मॅमॉ स्वयंपाकघरात येते, पातेल्यात डोकावते, काहीतरी म्हणायला तोंड उघडते आणि थांबते. मग त्याच्या टोपीची एक पट्टी उचलून आत बघते, फेरी मारून दुसरीही उचलून बघते, दोन्ही नीट खाली सोडते, आणि सुरू होते.

डचेस तोवर मागच्या दाराशी जाऊन उभी राहिलेली असते.