शनिवारची गाणी, रविवारी सकाळी

माझ्या आईवर अन्याय झाला. कधी, तेही सांगतो: यंदाच्या श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी, रात्री नऊ वाजता, जाहिराती संपून गाणं सुरू होणार तेवढ्यात. पडदा निळा झाला आणि त्यावर हिंदीत एक ओळ आली, की ही वाहिनी आपल्या पॅकेजमध्ये नाही. आईनं आधी रिमोटला दोष दिला, मग पावसाला, मग माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात कुठलीही गोष्ट बिघडली की शेवटी माझ्याकडे पाहतात.

त्यांचंही चुकत नाही. मी पत्रकं काढतो. वसतिगृहातलं पाणी, घाट झाडणाऱ्यांचे हातमोजे, विद्यापीठाच्या ग्रंथालयाची वेळ, जिथं अन्याय तिथं मी, बगलेत गठ्ठा घेऊन. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीत मला कुणी नावानं हाक मारत नाही, सगळे नेताजी म्हणतात, आणि त्यात आदर किती असतो ते बनारसमध्ये राहिलेल्याला सांगायला नको.

पत्रकांइतकीच मी गाणीही वाटतो. नवं, लढाऊ, ताजं असं काही सापडलं की मला ते एकट्यानं ऐकवतच नाही. गल्लीतल्या मराठी घरांच्या ग्रुपवर लिंक टाकतो आणि खाली लिहितो, ‘ऐकाच! आजवर ऐकलेलं सगळं विसराल.’ शेजारच्या काकूंचा अंगठा लगेच येतो. गाण्यातला ढोल वाजायला लागण्याआधीच येतो. म्हणजे आजवर ऐकलेलं त्या काही विसरलेल्या नाहीत. एकदा पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर स्पीकर ठेवून मी जनतेला एक रॅप ऐकवला. होडी पुसत बसलेल्या मल्लाहानं, म्हणजे नावाड्यानं, मान वर केली.

“का गुरु, ई गाना हौ कि झगड़ा?”

“दोनों,” मी अभिमानानं म्हणालो.

“त हमके दुन्नो ना चाही,” तो म्हणाला आणि पुन्हा होडी पुसू लागला.

तर असा मी. आणि आईचा तो कार्यक्रम म्हणजे मराठी वाहिनीवरची गाण्याची स्पर्धा. परीक्षकांचे पाणावलेले डोळे, निकालाआधीचे नगारे, स्पर्धकाच्या गावचं घर आणि त्या घराची गळकी कौलं. आई त्यातल्या चंद्रपूरकडच्या एका मुलीसाठी बघायची. ती मुलगी दर आठवड्याला नवं बांधलेलं गाणं गायची आणि आई तिला ‘आपली पोरगी’ म्हणायची. आई लग्न होऊन साताऱ्याहून काशीत आली त्याला आता एक जन्म लोटला. बाहेर सगळी हिंदी, घरात बाबांचं संस्कृत आणि माझ्या घोषणा. महाराष्ट्रातलं मराठी तिला ऐकू यायचं ते त्या दीड तासात.

मोबाईलवर दाखवतो म्हटलं. आईचा स्वतःचा फोन बटणांचा, म्हणून माझ्यावर लावून दिलं. ‘आपल्या पोरी’नं डोळे मिटले, सूर लावला, आणि बरोबर तिच्या चेहऱ्यावर वरून पट्टी टपकली: ‘साथियो! कल सुबह गेट पर.’ मग दुसरी. मग तिसरी. आईनं फोन माझ्या हातात दिला. “तुझे साथी गाऊ देत नाहीत तिला,” ती म्हणाली.

हा अन्याय सहन करायचा नाही, असं मी ठरवलं.

केबलवाल्याचं दुकान चौखंब्याच्या बाजूला आहे. तो म्हणाला, “मराठी यहाँ देखता कौन है, नेताजी? पंद्रह-बीस घर दस्तख़त कर दें, तो ऊपर बात करें.” पंधरा-वीस घरं! मी तर हातमोज्यांसाठी याहून जास्त सह्या आणल्या होत्या. त्या दुपारीच मी पत्रक लिहिलं. मथळा: ‘भाषिक अस्मितेवर सुनियोजित घाला!’ आईला वाचून दाखवलं.

“ह्यात गाणं कुठं आहे?”

“गाणं निमित्त आहे, आई.”

“मग त्या निमित्ताचं नाव तरी घाल.”

मी घातलं नाही. पत्रक घेऊन पहिल्या घरी गेलो, काकूंच्या. काकू जन्मानं काशीच्या, मराठी बोलता बोलता त्यांची हिंदी कधी सुरू होते ते त्यांनाही कळत नाही. त्यांनी पत्रक डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ धरलं आणि परत दिलं.

“बहुत जटिल आहे रे बेटा. वाहिनीचं म्हणतोयस ना? पण मागच्या साली तूच तर कागद वाटला होतास, की हे गाण्याचे कार्यक्रम म्हणजे आंसूंचा बाजार आहे, बघू नका. तेव्हापासून मी बघणं बंदच केलं. बगलवाल्या शेजारणीनं पण.”

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा माझं पत्रक कुणी वाचलं होतं, आणि मानलं होतं. हातमोजे अजून आले नाहीत, ग्रंथालय अजून पाचला बंद होतं, आणि माझा एकमेव विजय हा, की मंगला गौरीतल्या काकूंनी गाणी बघणं सोडलं. आता त्यांना पुन्हा बघायला लावायचं म्हणजे आधी मला ते बघणं भाग होतं. नुसती अस्मिता चालणार नव्हती, शिफारस करावी लागणार होती.

मग मी शिंदे घाटावर वरच्या पायऱ्यांवर बसून, कानात इअरफोन घालून, त्या मुलीचे तुकडे एकापाठोपाठ एक पाहिले. खालच्या पायऱ्या पाण्यात होत्या. एक गाणं कापूस वेचणाऱ्या बायांचं होतं, नवीनच बांधलेलं, आणि त्यात एका ओळीवर ती असं काही थांबायची की पुढची ओळ आपणच म्हणावी असं वाटे. नगारे वाजले तेव्हा माझेही डोळे पाणावले. शेजारून जाणारा आमच्या गटातला एक जण घाबरून थांबला.

“क्या हुआ? कोई गिरफ़्तार हुआ क्या?”

“नहीं,” मी म्हणालो, “अगले राउंड में पहुँच गई.”

पत्रक मी फाडलं. गणेशोत्सवात आरतीला सगळी मराठी मंडळी एकत्र येतात, तिथं प्रसादाच्या रांगेत उभं राहून मी तोंडानंच प्रचार केला. कापसाच्या गाण्याबद्दल सांगितलं, कौलांबद्दल सांगितलं, परीक्षक रडतात तेव्हा किती योग्य रडतात तेही सांगितलं. रेल्वेतले एक काका म्हणाले, “तुझी ती झगड्याची गाणी सुटली वाटतं!” हसले, पण सही केली. सगळ्यांनीच केली. काकूंनी तर सुनेला, जाऊबाईंना आणि गावाहून आलेल्या पाहुणीलाही सही करायला लावली.

आता मधल्या काळात आमच्या घरात काय चाललं होतं, ते सांगतो. मी ते रोज बघत होतो आणि मला दिसत नव्हतं.

वाहिनी गेली त्या पहिल्याच रविवारी सकाळी साताऱ्याच्या मावशीचा फोन आला. मावशी आईची थोरली बहीण. दोघींचं बोलणं संक्रांतीला आणि दिवाळीला व्हायचं, ‘सगळे बरे?’ ‘बरे’ एवढंच. कारण आईच्या मराठीत हिंदी शब्द यायचे आणि मावशी दर शब्दाला अडवायची. आई मग मोजकं बोलायची, परक्या घरी चहा प्यायल्यासारखं. त्या दिवशी मावशीनं विचारलं, “पाहिलंस का काल? काय गायली गं ती!”

“कुठलं पाहणार ताई, आमचा चैनलच काटून टाकला.”

“कापून टाकला म्हण. थांब, मी सांगते तुला.”

आणि मावशी सांगायला लागली. साडी कुठली नेसली होती, निवेदकानं काय वात्रटपणा केला, आणि मग गाणं. मावशीनं ते गाऊन दाखवलं. आईनं आवाज मोठा यावा म्हणून फोन पितळेच्या पातेल्यात ठेवला होता आणि ती मेथी निवडत होती. पातेल्यातून मावशी गात होती. मधले वाद्यांचे तुकडेही तोंडानं, टिंग टिंग टिडिंग. वरच्या पट्टीत गेल्यावर तिचा आवाज चिरकला.

“इथून पुढं माझ्यानं होत नाही बाई. तू समजून घे.”

“समजलं,” आई म्हणाली आणि पुढचं तिनं गायलं. तिनं ते कधीही ऐकलं नव्हतं. जिथं जावंसं वाटलं तिथं ती गेली आणि खाली आली.

पलीकडे मावशीनं ते गुणगुणून पाहिलं. “असं नव्हतं गं,” ती म्हणाली. “पण हे बरंय.”

दर रविवारी हे व्हायला लागलं. कार्यक्रम दीड तासाचा, फोन त्याहून लांब. एकदा आई विचारून गेली, “तो सूर तिनं एकदम से उचलला का?” आणि मावशी म्हणाली, “हो गं, एकदम से!” तिनं अडवलं नाही. बाबा पाठशाळेत जायला निघालेले, ते चपला घालून दारात तसेच उभे राहायचे.

आणि मी? मी त्याच खोलीत बसून सह्या मोजत होतो. पातेल्यातला फोन बघून माझं रक्त उसळायचं. केबलवाल्याला दिलेल्या अर्जात मी एक खास वाक्य घातलं: ‘एका वृद्ध मातेला आज दूरध्वनीवरून गाणं ऐकण्याची वेळ आली आहे!’ आईला वृद्ध म्हटल्याबद्दल ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. उरलेल्या वाक्यातलं काय चुकलं, ते मला तेव्हा कळलं नाही.

नवरात्रात वाहिनी परत आली. मी लवंगलता ही इथली मिठाई आणली, गल्लीत वाटली, काकूंनी मला खिडकीतून ‘जिंदाबाद’ म्हटलं. शनिवारी नऊ वाजता आईला समोर बसवलं. ‘आपली पोरगी’ गायली. छानच गायली. आई म्हणाली, “छान,” आणि कणीक मळायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला नाही. आईनं मेथी निवडली, निवडलेली पुन्हा निवडली, आणि शेवटी स्वतःच फोन लावला.

“पाहिलंस ना काल?” मावशी म्हणाली.

“पाहिलं.”

“मग आता काय सांगू तुला?”

आईनं निवडलेली मेथी तिसऱ्यांदा पुढं ओढली. मग मावशीनं विचारलं, “सगळे बरे?”

“बरे. बस, हे जरा पाठीच्या दुखण्यानं परेशान आहेत.”

“परेशान काय गं? त्रासलेत म्हण.”

आईनं फोन पातेल्यातून काढला, पुसला, फळीवर ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं.

“तुझी मोहीम झाली ना? आता जा आणि बंद करून ये.”

मी गेलो. तत्त्वाचा माणूस आहे, मागणी मागे घेण्याची मागणी घेऊन गेलो. केबलवाल्यानं हात जोडले. “नेताजी, पहले आप घर में तय कर लीजिए.” निदान गल्लीतल्या लोकांचं मन वळवावं म्हणून काकूंकडे गेलो, तर त्या टीव्हीपुढे आडव्या उभ्या राहिल्या. “आता अंतिम फेरी येतेय. हात तर लावून बघ!”

आमचा टीव्ही आम्ही बंद ठेवू शकत होतो. पण शनिवारी नऊला सगळ्या गल्लीत तेच लागायचं. खिडकीखिडकीतून तेच नगारे, तीच मुलगी. माझ्या प्रचाराला इतकं यश कधी आलं नव्हतं. आईनं कानांवर हात ठेवून पाहिले, भांडी जोरात घासून पाहिली. शेवटी उठली, शाल घेतली आणि म्हणाली, “चल.”

तेव्हापासून दर शनिवारी नऊच्या आधी मी आईला घेऊन पंचगंगेवर जातो. कार्तिक लागलाय, बांबूंवर आकाशदिवे चढलेत, पुराचा गाळ पायऱ्यांवरून अजून पुरता निघालेला नाही. आम्ही गाळ चुकवून बसतो. मला गाणं ऐकायची भयंकर इच्छा असते, कारण त्या मुलीचा आता मीही पक्का चाहता आहे, आणि खिशात फोन असतो. मी तो काढत नाही. दहा-साडेदहाला गल्ली शांत झाली की परत येतो.

परवाच्या रविवारी पातेल्यातून मावशीनं विचारलं, “काल पाहिलंस?”

“नाही गं ताई. लाइट गेली होती.”

“परत? दर शनिवारी, नवाच्या ठोक्याला?”

“हो ना. काशीतली लाइट म्हणजे...”

“बरं झालं,” मावशी म्हणाली. घसा खाकरला. “ऐक.”

अंतिम फेरी येत्या शनिवारी आहे. तेव्हा हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझं स्पष्ट सांगणं आहे, विशेषतः गल्लीतल्यांना, त्याहून विशेषतः काकूंना. निकाल आम्हाला सांगू नका. ग्रुपवर टाकू नका. खिडकीतून ओरडू नका, फटाके वाजवू नका, मी दुधाला बाहेर पडलो तर माझ्याकडे बघून हसू नका आणि रडूही नका. ही स्पर्धा संपली की दुसरी सुरू होईल, तेव्हाही हेच. कोण जिंकलं ते तुम्हाला ठाऊक असेल तर रविवारी दुपारपर्यंत तोंड बंद ठेवा. मावशीचं अजून गाऊन व्हायचंय.