तेल न लावलेला पाय

आमच्या पंचक्रोशीत माणसांचे दोनच वर्ग होते: हवालदारकाकांनी ‘काय पास झालात?’ असे विचारलेली माणसे, आणि अजून त्यांच्या तावडीत न सापडलेली. आमचे हे शेजारी पहिल्या महायुद्धातल्या बसऱ्याकडच्या लढाईतून गुडघ्यात गोळी घेऊन आले होते. तंबूत त्यांना पट्टी बांधणारा गोरा मूळचा न्हावी होता, हे त्यांना परतीच्या बोटीवर कळले आणि तेव्हापासून त्यांचा कुणावरच विश्वास उरला नाही. सत्यनारायणाला आलेल्या नव्या भटजींना त्यांनी संकल्पाच्या आधी पाठशाळा विचारली. खोपोलीच्या मोटारीत बसण्यापूर्वी ड्रायव्हरला त्याचा उस्ताद विचारला, आणि उत्तर न पटल्यामुळे ते लंगडत घरी आले. मला कॉलेजात धाडा म्हणून माझ्या वडिलांशी भांडले तेही हेच; तो उपकार मी विसरलेलो नाही. पण पदवी घेऊन मी पाया पडायला गेलो, तेव्हा आशीर्वादाआधी प्रश्न आला, “बीएत पाय शिकवतात का रं?”

“नाही, काका.”

“मंग निदान कागद वाचायला ये.”

कागद त्यांच्या पेन्शनीचा होता. ती अजून कायम झालेली नव्हती. ठरलेल्या मुदतीत सरकारी डॉक्टरने कर्जतच्या डाकबंगल्यावर येऊन पाय बघायचा, तो अधू असल्याचा शेरा मारायचा, तर पेन्शन पुढे चालू, नाहीतर बंद. नवराबायकोचे घर तेवढ्यावरच चालत होते. काकी रोज संध्याकाळी ओटीवर तो पाय मांडीवर घेऊन कोमट करंजेल चोळीत असे, त्यामुळे गुडघा थोडाफार वाके. पण तपासणीची तारीख आली की काका आठवडाभर आधी तेल बंद करीत. “तेल लावलेला पाय साहेबापुढं लबाड बोलतो,” असे त्यांचे म्हणणे. मग आठवडाभर कण्हणे आणि काकीवर डाफरणे. “साहेब येवो नायतर न येवो, मरन माजंच,” काकी म्हणे.

साहेब बहुधा येत नसे. आम्ही गाडी जुंपून बंगल्यावर जावे आणि पट्टेवाल्याने व्हरांड्यातूनच हात हलवावा, “आज नाय. पुढची तारीख कळंल.” कधी साहेब आजारी, कधी शिकारीला, कधी कारणच नाही. घरी येऊन काका ओटीवर बसत, पाय लांब करीत, की काकी वाटी घेऊन बाहेर येई. “आना हिकडं तुमचा साक्षीदार!”

एकदा मुदत संपत आली असताना बंगल्यावर एक डॉक्टर खरेच भेटले. कारकून म्हणाला, यांचीच सही चालवून घेऊ. मी सुटकेचा निःश्वास टाकला; पण काकांनी विचारलेच, “काय पास झालात?”

डॉक्टर सरळ मनाचे निघाले. “मी गुरांचा डॉक्टर आहे, हवालदार.”

काका लंगडत दाराकडे वळले. “मंग चला भायेर. माज्या डाव्या बैलाचा खूर बघा.”

खूर बघितला गेला, औषधही मिळाले. काकांचा पाय तेवढा राहिला आणि पेन्शन थांबली. काकीने ऐकून कपाळाला हात लावला. “बैलाची झाली ना तपासनी? आता त्यालाच सांगा, घर चालव म्हनून.”

त्या उन्हाळ्यात काकी तापाने गेली. पावसाळा सरल्यावर पुन्हा तारीख लागली, आणि या खेपेला साहेब चक्क हजर. त्यांनी गुडघा वाकवून पाहिला, तो हलेना. जुने कागद चाळून ते मला इंग्रजीत म्हणाले, पूर्वी हा एवढा ताठ नव्हता, असा केव्हापासून झाला? मी काकांना विचारले.

“तेल लावनारी गेली तवापासून.”

एवढे साधे वाक्य, पण मला त्याचे इंग्रजी होईना. ‘उन्हाळ्यापासून’ इतकेच मी सांगितले. साहेबांनी मान हलवली आणि पेन्शन कायम केली.

परतताना अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आले. “काका, साहेब काय पास झालेत ते विचारलं नाहीत.”

“ऱ्हायलं खरं,” ते म्हणाले, आणि बैलांकडे बघत राहिले.

घरी येऊन ते सवयीने ओटीवर बसले. पाय लांब केला आणि आतल्या दाराकडे पाहिले. मग, मी बघतो आहे हे ध्यानात येऊन, तो घाईघाईने आवरून घ्यायला गेले. पण पेन्शन कायम झालेला तो पाय काही केल्या वाकेना.