भाग कशाने जातो

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. सोबतचे कामगार त्याला गमतीने आकडेशास्त्री म्हणत. दिवसभर ग्रीस आणि लोखंडी दोरांशी झटापट करून घरी आला, की हातपाय धुऊन तो मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरपुढे बसे. त्याला मूळ संख्यांचं वेड होतं. एक आणि ती स्वतः, यांखेरीज जिला कशानेही भाग जात नाही, अशी संख्या. जगभरची हौशी माणसं अशा अवाढव्य संख्या वाटून घेऊन घरोघरी तपासत. त्यांतलाच तोही एक.

शिलाई मशीनवर बसल्या बसल्या तिने हे कितीदा तरी ऐकलं होतं. दोनाला दोनाने गुणत सुटायचं, कोट्यवधी वेळा, आणि शेवटी त्यातून एक वजा करायचा. उरलेली संख्या लिहायची म्हटली तर घराच्या भिंती पुरायच्या नाहीत.

"अशा बहुतेक फुटतातच, कशाने तरी भाग जातोच," तो म्हणे. "पुढे पुढे मूळ संख्या विरळ होत जातात. पण संपत मात्र नाहीत."

त्यातलं 'संपत नाहीत' तेवढं तिला पटे, कारण कॉम्प्युटरच्या डब्यातल्या पंख्याची घरघरही कधी संपत नसे.

त्याने घेतलेली शेवटची संख्या तपासायला महिने लागणार होते. काम अर्ध्यावर असतानाच तो गेला. एका इमारतीत बंद पडलेल्या लिफ्टसाठी जिना चढत होता. छातीत कळ आली म्हणून पायरीवर टेकला, तो उठलाच नाही.

भेटायला आलेल्या नणंदेने ती घरघर ऐकली आणि आता तरी हे बंद कर म्हणाली. नणंद गेल्यावर तिने बटणापर्यंत हात नेलाही, पण मन धजेना. पुन्हा कामाला लागली तेव्हा शिलाई मशीन तिने त्याच खोलीत ओढून नेलं. हिने फारच मनाला लावून घेतलंय, असं गिऱ्हाइकं आपसांत बोलत. तिने कुणाला काही समजावलं नाही.

एका दुपारी काजं करताना खोली एकदम शांत झाली. तिने नवऱ्याच्या लिफ्टच्या कामावरच्या जोडीदाराला फोन केला; त्यालाही आकड्यांचा हाच नाद होता. कामावरून तो थेट आला, चष्मा लावून पडद्यावरचं दोनदा वाचलं.

"मूळ नाही, वहिनी."

"मग भाग कशाने जातो?"

"ते या तपासणीत कळत नाही. जातो, एवढं नक्की. कशाने, ते कदाचित कुणालाच कळणार नाही."

"म्हणजे एवढे महिने पाण्यात."

"तसं नाही. आता आणखी कुणीतरी एकदा पडताळून बघेल, मग ही कायमची बाजूला होईल. बहुतेक असंच निघणार, हे त्याला ठाऊक होतं, वहिनी. तरी घेतली होती त्याने."

तो गेल्यावर ती त्या खोलीत बसून राहिली. नवऱ्याला नेलं त्या दिवशी तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता मात्र रडू आवरेना.

कॉम्प्युटर तिने पुढे जोडीदारालाच देऊन टाकला. त्याने नवी संख्या घेतली. अधूनमधून फोन करून तो कुठवर आलं ते सांगतो. हातातली कात्री खाली ठेवून ती शेवटपर्यंत ऐकून घेते.