वाढ थांबवणारा स्टेंट

“तीच जागा पुन्हा अरुंद झालीय,” डॉक्टर म्हणाले. पडद्यावर ह्यांच्या हृदयाची रक्तवाहिनी दिसत होती. मधोमध मुंगीच्या कमरेइतकी बारीक.

आम्ही दिंडोरीजवळचे. ह्यांची द्राक्षबाग, मी हायस्कूलमध्ये शिक्षिका. काही महिन्यांपूर्वीच नाशिकला ह्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. म्हणजे फुग्याने वाहिनी उघडून आत स्टेंट, धातूची बारीक जाळी, बसवली होती. तो साधा स्टेंट होता. आता पायऱ्या चढताना छाती पुन्हा भरून येऊ लागली होती.

याला रिस्टेनोसिस म्हणतात, म्हणजे उघडलेली वाहिनी पुन्हा अरुंद होणे. डॉक्टरांनी समजावलं, “स्टेंटने आतल्या भिंतीला इजा होते. ती भरायला शरीर ग्रोथ फॅक्टर सोडतं, पेशींना ‘वाढा’ असं सांगणारी द्रव्यं. कुणाकुणात ही वाढ थांबतच नाही.”

“म्हणजे आमची वेल वाढवायची संजीवकंच की!” हे म्हणाले. “जास्त झाली की बागेत नुसता पाला माजतो.”

डॉक्टर हसले. “तसंच समजा. आता नव्या जातीचा स्टेंट टाकू. त्याच्यावर वाढ रोखणारं औषध असतं.”

“शेंडा खुडून वेल थांबवतो, तसंच. मास्तरीणबाई, हे तुमच्या पुस्तकात नसणार.”

खरोखरच नव्हतं. मी घरी जे सापडेल ते वाचत राहिले, आणि हे मला न वाचता समजावत राहिले.

नवा स्टेंट बसला. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, “औषधामुळे नको असलेली वाढ थांबते, पण धातूवर यायला हवं ते पेशींचं पातळ अस्तरही उशिरा येतं. उघड्या धातूवर रक्त गोठू शकतं. म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या. मला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.”

उन्हाळा चांगला गेला. हे बांधावरून चालत, सकाळी माझ्याआधी उठून चहा ठेवत. मी देवाला काही मागायचं सोडून दिलं होतं, इतकं बरं चाललं होतं.

मग ऑक्टोबरची छाटणी आली. पेठ तालुक्यातली मजूर माणसं दरवर्षी येतात, पण दोन ओळी स्वतः छाटून सुरुवात करायची ही ह्यांची रीत. कात्री बोटाला लागली. एरवी छाटणीत असं कुणाचंही कापतं. माती लावून माणूस पुढच्या वेलीकडे जातो. ह्यांचं रक्त थांबेना.

“दादा, लय रगत जातंय, बसा ना,” बरोबरची काशीबाई म्हणाली.

“वेलही छाटल्यावर रडते काशे, मी जरा जास्त रडतोय.” फडकं गुंडाळून हे ओळ संपवून आले.

पुढचे काही दिवस रक्त निघालं नाही. मला वाटलं, सावरलं.

छाटणी उरकायच्या बेतात असताना दुपारी बागेतच ह्यांच्या छातीत कळ आली. जीपमध्ये माझ्या मांडीवर डोकं ठेवून हे म्हणाले, “गोळ्या बंद केल्या होत्या. छाटणी झाली की चालू करणार होतो.”

नाशिकच्या दवाखान्यात आतून बाहेर आलेल्या डॉक्टरांनी मला बसायला सांगितलं. “वाहिनी अरुंद झाली नव्हती,” ते म्हणाले. “स्टेंटमध्ये गुठळी झाली होती. काढेपर्यंत हृदय थांबलं.”

म्हणजे ज्या वाढीला आम्ही घाबरत होतो, ती झालीच नव्हती.

आम्ही दहाव्याला गोदावरीवरून परतलो तेव्हा ह्यांनी छाटलेल्या वेलींना कोंब फुटले होते. मी बागेकडे पाठ करून घरात गेले.

पुढच्या वर्षी शेजारच्या बागेतल्या रघुनाथभाऊजींना तसाच स्टेंट बसला. छाटणीच्या आदल्या संध्याकाळी ते सहज म्हणाले, “वहिनी, चार दिवस गोळी बंद ठेवतो. हाताला लागलं तर पंचाईत.”

“गोळी नाही, कात्री बंद ठेवा.”

“आणि मुहूर्ताच्या माझ्या दोन ओळी कोण छाटणार?”

“मी.”

ते हसले. मला छाटणी येत नव्हती. सकाळी मी त्यांना बांधावर खुर्ची टाकून दिली आणि पहिल्या वेलीशी उभी राहिले.

तुमच्या घरात असा स्टेंट असेल, तर रक्त आलं की दाबून धरा, बांधा, डॉक्टरांना विचारा. काम दुसऱ्याच्या हाती द्या, वाईट झालं तरी चालेल.

माझी छाटणी फार वाईट होत होती. “अहो वहिनी, किती आखूड कापताय! वेल मारता का माझी?” भाऊजी दुपारपर्यंत बांधावरून ओरडत होते. मी कापत राहिले. त्यांचा आवाज चांगला खणखणीत होता.